गोल हिऱ्याचा कट: दोन्ही 'ट्रिपल एक्सलंट', मग घ्यायचा कुठला?

सई_कर्वेनगर (धागाकर्ती)

मुलाचा साखरपुडा मार्गशीर्षात आहे. होणाऱ्या सुनेला अंगठीत एकच गोल हिरा हवा आहे, नैसर्गिक. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका पेढीत दोन सुटे हिरे आमच्यासाठी बाजूला काढून ठेवलेत. दोन्हींना जीआयएचा (हिरे तपासणारी अमेरिकन संस्था) रिपोर्ट, दोन्हींचा रंग जी (डी सर्वांत पांढरा, मग ई, एफ, जी असं खाली), शुद्धता व्हीएस२ (आत अगदी बारीक डाग), कट-पॉलिश-सिमेट्री तिन्ही एक्सलंट. फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात चमकणं) कुठल्याच हिऱ्यात नाही. रिपोर्टवरच्या आकृतीतले आकडे उतरवून आणलेत (टेबल म्हणजे वरचा मोठा सपाट पैलू, क्राउन त्याभोवतीचा वरचा उतरता भाग, पॅव्हिलियन खालचा निमुळता भाग, गर्डल या दोहोंमधली कड; टक्के व्यासाचे):

पहिला: १.०१ कॅरट, ६.३८–६.४१ × ४.०२ मिमी, टेबल ५८%, खोली ६२.८%, क्राउनचा कोन ३५.५°, पॅव्हिलियनचा ४१.२°, गर्डल मीडियम ते स्लाइटली थिक.

दुसरा: ०.९६ कॅरट, ६.३३–६.३६ × ३.९२ मिमी, टेबल ५६%, खोली ६१.८%, क्राउन ३४.५°, पॅव्हिलियन ४०.८°, गर्डल मीडियम.

पहिला चांगलाच महाग आहे. दुकानदार म्हणाले, "काकू, ट्रिपल एक्सलंट म्हणजे कटचा विषय संपला, आता फक्त बजेट सांगा." दुकानातल्या दिव्यांखाली दोन्ही सारखेच लखलखत होते. ह्यांचं मत 'एक कॅरट' म्हणायला बरं वाटतं. रंग आणि शुद्धतेबद्दल सगळे भरभरून बोलतात, पण या कोनांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. इथे कुणी जाणकार आहे का?

टिकोजीराव

एक कॅरट घ्या आणि सुनेला ०.९६ च्या हिऱ्याबद्दल कधी सांगू नका. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

प्रकाशवेडा

सईताई, मी सांगलीला भौतिकशास्त्र शिकवतो, सराफ नाही. पण हा प्रश्न अर्धा माझ्या विषयातला आहे.

हिऱ्याचा वक्रीभवनांक २.४२, त्यामुळे क्रांतिक कोन जेमतेम २४.४°. म्हणजे आतून एखाद्या पैलूवर किरण लंबाशी २४.४° पेक्षा जास्त कोन करून आदळला, तर त्याला बाहेर पडता येत नाही, सगळाच्या सगळा आत परततो. साध्या काचेचा हा कोन ४१-४२° च्या आसपास असतो. म्हणून काचेचा खडा अगदी त्याच घाटात घासला तरी मागून प्रकाश गळतोच.

आता टेबलातून, म्हणजे वरच्या मोठ्या सपाट पैलूतून, सरळ खाली येणारा किरण घ्या. पॅव्हिलियन (खालचा निमुळता भाग) ४१° असेल तर किरण पहिल्या उतारावर ४१° ने आदळतो, समोरच्या उतारावर ५७° ने. दोन्ही २४.४ च्या वर, म्हणून तो परत वर येतो. कागदावर काढून बघा, शाळेतली भूमिती पुरते. खरी मेख पुढे आहे. पॅव्हिलियनचा कोन एका अंशाने बदलला की दोन परावर्तनं मिळून परतणाऱ्या किरणाची दिशा आतल्या आत ४° ने बदलते, आणि टेबलातून हवेत बाहेर येताना हाच फरक १० अंशांच्या वर जातो. तो किरण तुमच्या खोलीतल्या खिडकीकडून आलेला असावा की हिऱ्यावर वाकलेल्या तुमच्याच काळ्या डोक्याकडून, हे एवढ्याशा फरकाने ठरतं. जीआयए क्राउनचा कोन अर्ध्या अंशापर्यंत आणि पॅव्हिलियनचा ०.२° पर्यंत पूर्णांकित करून छापते, ते उगीच नाही.

पॅव्हिलियन फार उथळ झाला तर गर्डलचं प्रतिबिंब टेबलात पांढुरक्या कड्यासारखं दिसतं, त्याला फिशआय म्हणतात. फार खोल झाला तर मधोमध काळपट ठिपका पडतो, तो नेलहेड. तुमचे दोन्ही हिरे या टोकांपासून लांब आहेत, ती काळजी नको.

अँटवर्पच्या हिरेकारागीर घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ मध्ये हे गणित मांडलं. टेबल ५३%, क्राउन ३४.५°, पॅव्हिलियन ४०.७५°. त्याच्याआधीच कारागीर डोळ्याने या आकड्यांच्या जवळ पोचले होते, त्याने त्यांना पाया दिला. आज हेच एकमेव बरोबर उत्तर आहे असं कुणी मानत नाही. क्राउन आणि पॅव्हिलियन यांची जोडी जमणं महत्त्वाचं. क्राउन एका अंशाने वाढवला तर पॅव्हिलियन साधारण ०.२° ने कमी हवा. तुमच्या पहिल्या हिऱ्यात दोन्ही एकाच दिशेने वाढलेत, वरचा भागही उभा आणि खालचाही. अशा जोडीत टेबलाच्या कडेखाली प्रकाश गळणारी एक कडी तयार व्हायला लागते. दुसऱ्याची जोडी जमलेली आहे.

रानजाई

मग जीआयएने दोघांनाही एक्सलंट कसं दिलं? त्यांना हे कळत नाही का?

प्रकाशवेडा

कळतं. जीआयएने गोल ब्रिलियंटला कटचा शेरा द्यायला २००६ पासून सुरुवात केली, त्याआधी त्यांच्या रिपोर्टवर नुसती मापं असायची. शेरे पाच, एक्सलंट ते पुअर. त्यात उजळपणा, रंगांची फेक आणि लुकलुक यांच्याबरोबर वजनाचं प्रमाण, टिकाऊपणा, पॉलिश आणि सिमेट्रीही धरतात. शेरा ठरवताना माणसांना हिरे दाखवून त्यांची पसंतीही बघितली होती, आणि माणसांची आवड एका ठिपक्यावर नसते. त्यामुळे एक्सलंटची हद्द ऐसपैस आहे: ढोबळमानाने टेबल ५२ ते ६२, क्राउन ३१.५ ते ३६.५, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१.८. यातला कुठलाही आकडा कुठल्याही आकड्याबरोबर चालतो असं मात्र नाही. आमच्याकडे ६० टक्केवाल्यालाही फर्स्ट क्लास आणि ८५ टक्केवाल्यालाही फर्स्ट क्लास, तसं समजा.

खान्देशी_सुरतेत

सर, प्रकाशाचं बरोबर सांगितलंत. त्यातला पैसा मी सांगतो.

आम्ही मूळचे अमळनेरचे, पण वडिलांपासून सुरतेत. वडील घंटीवर (हिरे घासायच्या चकतीवर) बसायचे, मी रफच्या (कच्च्या हिऱ्याच्या) प्लॅनिंगला, म्हणजे त्यातून कुठला घाट काढायचा ते ठरवायला. ताई, तुम्ही वजन बघताय, जरा मिलिमीटर बघा. पहिल्याचा सरासरी व्यास ६.३९५, दुसऱ्याचा ६.३४५. फरक मिलिमीटरचा विसावा भाग. वजन पाच टक्क्यांनी जास्त, पण वरून दिसणारं क्षेत्रफळ जेमतेम दीड टक्क्याने. बोटात घातल्यावर हा फरक कुणाला दिसायचा नाही. मग पाच सेंट (०.०५ कॅरट) गेले कुठे? बरेचसे तळियात (पॅव्हिलियनमध्ये) आणि गर्डलमध्ये. उंची बघा की, ४.०२ आणि ३.९२. नीट घाटाचा १.०१ असता तर व्यास ६.४५ च्या आसपास यायला हवा होता.

असं का करतात तेही ऐका. व्यापारी वापरतात त्या रॅपापोर्टच्या भावयादीत ०.९० ते ०.९९ हा एक गट आणि १.०० ते १.४९ हा दुसरा. दोन गटांच्या मधे कॅरटमागे भाव उडी मारतो. रफ मशीनवर स्कॅन झाला की पडद्यावर चार पर्याय येतात: एकात ०.९७, घाट झकास, दुसऱ्यात १.०१, कोन जरा ताणलेले पण एक्सलंटच्या आत. शेठ कुठला घेणार, सांगायला नको. याला आम्ही लबाडी म्हणत नाही. रफचं निम्म्याच्या आसपास वजन कटाईत आणि घंटीवर जातंच, उरलेलं राखायचं हीच प्लॅनरची नोकरी. हिरा एक्सलंटच आहे, रिपोर्ट खरा आहे. पण १.००, १.०१, १.५०, २.०१ असं वजन दिसलं की खोली आणि व्यास तपासायचाच, ही सवय लावून घ्या.

माझ्याशी कुणी भांडेल, पण ३५.५/४१.२ चा माल बाजारात भरपूर विकला जातो आणि वापरणारे खूश असतात. तो वाईट नाही. त्याच्यासाठी एक कॅरटच्या गटाचा भाव मोजायचा की नाही, एवढाच प्रश्न आहे.

सई_कर्वेनगर

बाप रे, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. दादा, सर, मनापासून आभार. पण डोळ्यांनी कसं ओळखायचं? दुकानात मला काहीच फरक दिसला नाही.

टिटवी

सईकाकू, दुकानात दिसणार नाहीच. छतातले ते बारीक बारीक प्रखर दिवे असतात ना, त्यांच्याखाली कसाही हिरा रंगीत ठिणग्या टाकतो. मी मुंबईत दागिन्यांचं डिझाइन करते. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या भारत डायमंड बोर्सला जायचं असेल तर सकाळी जाते आणि हिरे खिडकीपाशी बसून बघते. तुमच्यासाठी माझी पद्धत लिहिते.

दोन्ही हिरे पुसून घ्यायला सांगा. एकाच पांढऱ्या ट्रेमध्ये, टेबल वर करून, शेजारी शेजारी ठेवा. चिमट्यात एक आणि ट्रेमध्ये दुसरा असं नको. आधी ते स्पॉटलाइट बंद करायला लावा. कुरकुर करतील, ऐकू नका. साध्या ट्यूबलाइटखाली किंवा दारापाशी उजेडात आणा, ऊन नको. डोळ्यांपासून फूटभर लांब धरा. अगदी जवळ धरलं तर आपल्याच डोक्याची सावली त्यात दिसते आणि चांगला हिराही काळा वाटतो, इथे भलेभले फसतात.

मग बघायचं काय? उजेड कडेपर्यंत पोचतो का, की मधे चमक आणि भोवती राखाडी कडी? हिरा अगदी थोडा, पाच-दहा अंश, डोलवा. काळे-पांढरे तुकडे लयीत जागा बदलायला हवेत. एखादा तुकडा हलवूनही मेल्यासारखाच राहिला तर तिथून प्रकाश गळतोय. शेवटी हाताची सावली धरा किंवा काउंटरखाली न्या. हिऱ्याचा कट तिथे कळतो. चांगला हिरा कमी उजेडातही जिवंत दिसतो, कारण मिळेल तेवढा उजेड वर परत पाठवतो. आयुष्यभर अंगठी वापरायची ती ऑफिसात, स्वयंपाकघरात, रिक्षात, दुकानाच्या दिव्यांखाली नाही.

आणि आयडियलस्कोप मिळाला तर जरूर मागा. छोटी लाल नळी असते, आतून हिरा बघायचा. लाल म्हणजे परतलेला प्रकाश, पांढरं म्हणजे गळती, काळं म्हणजे डोक्याची सावली (थोडी हवीच, बाणांसारखी). पहिल्या हिऱ्यात टेबलाखाली फिकट गुलाबी-पांढरी कडी दिसेल असा माझा अंदाज. पुण्यातल्या किती पेढ्यांत ती नळी असेल, देव जाणे.

टिकोजीराव

आमच्या आजोबांची पद्धत: हिरा पेपरावर पालथा ठेवायचा, खालची अक्षरं दिसली तर नकली. याहून सोपं काय?

प्रकाशवेडा

टिकोजीराव, ती कसोटी हिरा की काच एवढ्यापुरती, तीही कच्ची. उथळ घाटाच्या खऱ्या हिऱ्यातूनही छपाई दिसू शकते. दोन अस्सल हिऱ्यांतला चांगला कुठला, याला तिचा काही उपयोग नाही.

मुक्काम_पोस्ट_नाशिक

अवांतर: वजन राखायचं की तेज, हा झगडा जुना आहे. आमच्या त्र्यंबकेश्वराचा नासक हिरा आठवला. १८१८ साली पेशवाई गेली तेव्हा तो इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनला पोचला. तेव्हा ९० कॅरटच्या आसपास होता. आपल्याकडच्या जुन्या घाटात वजन आणि आकार जपलेला, आणि लंडनच्या लोकांना तो निस्तेज वाटायचा. तिकडे रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी पुन्हा पैलू पाडले, पण वजन जपून. पुढे १९४० मध्ये अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टनने घेतला आणि पार ४३.३८ कॅरटवर आणला, एमराल्ड कटमध्ये. निम्म्याहून जास्त गेला. तेज आलं असेल, पण माझा जीव अजून तुटतो. (गोल नाही, त्यामुळे धाग्याला धरून नाही, माफी.)

रानजाई

अवांतर आवडलं. सईताई, माझं मत थोडं वेगळं. एवढ्या कोनांच्या मागे लागण्यापेक्षा रंग जी ऐवजी एफ घ्या, तो निदान दिसतो तरी.

टिटवी

रानजाई, उलट म्हणेन. सोन्याच्या अंगठीत गोल हिऱ्याचा जी आणि एफ वेगळा सांगणारी माणसं मी फार थोडी पाहिलीत, तीही पांढऱ्या कागदावर हिरा पालथा घालून. शुद्धतेचंही तेच, व्हीएस२ मधला डाग १० पटीच्या भिंगाशिवाय दिसत नाही. कट मात्र अंगठी घातलेल्या बाईसमोर बसलेल्यालाही जाणवतो, फक्त त्याला कारण सांगता येत नाही. पैसे कुठे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, एच चालेल.

खान्देशी_सुरतेत

टिटवीताईंना +१.

एक भर. रिपोर्टवरचा कोन म्हणजे सरासरी असते. पॅव्हिलियनचे मुख्य पैलू आठ. ते ४०.४ ते ४१.२ असे वरखाली असले तरी सरासरी ४०.८ छापून येते, आणि सिमेट्री एक्सलंट असली तरी त्यात थोडी मुभा असतेच. सुरतेत आणि मुंबईत सगळीकडे सरिनचं स्कॅनिंग मशीन असतं, त्याच्या रिपोर्टात आठही कोन वेगवेगळे येतात. दुसरा हिरा घ्यायचा ठरला तर पेढीला म्हणावं, व्यापाऱ्याकडून सरिन रिपोर्ट मागवा. एका ईमेलचं काम आहे. आठांत ०.२-०.३ च्या आत फरक असेल तर डोळे मिटून घ्या.

'हार्ट्स अँड अॅरोज' म्हणून जादा पैसे मागितले तर त्यासाठीच्या वेगळ्या नळीतून दाखवायला सांगा. वरून आठ बाण, पालथा करून आठ बदाम, सगळे सारखे, फाटलेले नाहीत. नुसते बाण बऱ्याच हिऱ्यांत दिसतात, खरी परीक्षा बदामांची. अचूक बदाम दिसण्यासाठी घंटीवर वेळ जास्त जातो आणि वजनही, त्यामुळे थोडा जास्त भाव मी समजू शकतो. पण नळी न दाखवता नुसत्या नावावर देऊ नका.

प्रकाशवेडा

आवडीचाही भाग आहे, तो राहून गेला. टेबल लहान, क्राउन उंच असेल तर रंगीत ठिणग्या जास्त. टेबल ६०% आणि खोलीही ६०% असे हिरे मिळतात, त्यांचा पांढरा उजेड जास्त आणि व्यासही मोठा दिसतो. दोन्ही चांगले असू शकतात. तुमचा ५६% टेबलवाला रंगीत ठिणग्यांच्या प्रकाराकडे झुकणारा. सुनेला विचारा तिला काय आवडतं, अंगठी तिची आहे.

कोकणी_टोरांटोत

इथे आम्ही प्रयोगशाळेतला हिरा घेतला, दीड कॅरटचा गोल. त्यालाही हेच नियम का?

खान्देशी_सुरतेत

हो. वक्रीभवनांक तोच, त्यामुळे कोनही तेच. रफ स्वस्त असल्याने वजन राखायची तेवढी गरज नसते, तरी खोल घाटाचा माल दिसतोच, कारण गिऱ्हाईक कॅरटच विचारतं. आयजीआयच्या (हिरे तपासणारी दुसरी संस्था) पूर्ण रिपोर्टवर दोन्ही कोन छापलेले असतात, ते बघा. जीआयए ऑक्टोबर २०२५ पासून या हिऱ्यांना 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' असे दोनच शेरे देते. तिथे कोन हवे असतील तर विकणाऱ्याकडून सरिन घ्या.

सई_कर्वेनगर

आज सुनेलाच घेऊन गेले. स्पॉटलाइट बंद करायला सांगितल्यावर दुकानदार आधी हसले, मग स्वतःच वाकून बघायला लागले. दारापाशी, मांडवाच्या सावलीत, दोन्ही एका ट्रेमध्ये. टिटवी म्हणाली तशी कडी पहिल्यात मला लगेच नाही दिसली, सुनेला दिसली. "आई, याच्या मधल्या गोलाभोवती धुकं आहे," म्हणाली. नंतर मला ती दिसायची थांबेना. दुसरा ठरवला. सरिन मागवलाय, शनिवारपर्यंत येईल. हे अजून 'एक कॅरट' म्हणतायत, पण उरलेल्या पैशांत विहीणबाईंना पैठणी येते म्हटल्यावर गप्प झाले.

आता दुसरा प्रश्न. माझ्या सासूबाईंच्या सात हिऱ्यांच्या कुड्या आहेत, मागून बंद कोंदणाच्या. त्यांना कधी चमक नव्हतीच. त्यांचा कट तपासता येतो का?

टिटवी

सेटिंगमध्ये कोन मोजणं अवघड, मागून बंद असेल तर जवळपास अशक्य. दागिन्याच्या रिपोर्टवर सहसा एकूण वजन, रंग आणि शुद्धतेचा पल्ला असतो, प्रमाणं नसतात. आणि जुने हिरे आजच्या ५७ पैलूंच्या घाटाचे असतीलच असं नाही, त्यांना या धाग्यातले आकडे लावू नका.

पण 'चमक नव्हतीच' यावर विश्वास ठेवू नका. हिऱ्याला तेलकटपणा चटकन धरतो. केसांचं तेल, साबणाचा थर मागच्या पैलूंवर बसला की आतून परतणारा प्रकाश तिथून गळतो, कट कितीही चांगला असो. उघड्या सेटिंगची अंगठी असेल तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, मागच्या बाजूने हलक्या हाताने. बंद कोंदणाला मात्र पाणी लावू नका. आत वर्ख असला तर काळा पडेल. जुनी कामं करणाऱ्या सोनाराला दाखवा, तो कोंदण उघडून आतून साफ करून देईल. नव्या अंगठीला मागून उघडं सेटिंगच सांगा, म्हणजे महिन्यातून एकदा घरीच धुता येईल.

टिकोजीराव

पॉपकॉर्न संपले. बायकोची अंगठी धुवायला घेतलीय, बेसिनची जाळी आधी लावली आहे.